उंच छताच्या खोलीतील निनाद आणि गोंगाट

आपल्या उष्ण हवेत उंच छताची खोली सुखाची वाटते. गरम हवा वर चढते, खाली माणूस मोकळा श्वास घेतो, आणि घराला एक भारदस्तपणा येतो. परंतु अशा खोलीत चार माणसे बोलू लागली की आवाज मोठा येतो आणि शब्द मात्र निसटतात. याचा खरा जाच होतो घरातील वृद्धांना. दोनतीनदा "काय म्हणालास?" असे विचारून ते गप्प बसतात आणि आपण त्यांना बहिरे ठरवून मोकळे होतो. उतारवयात कान मंदावतात हे खरे. पण दोषाचा काही वाटा खोलीच्याही पदरात घातला पाहिजे.

आपण याला प्रतिध्वनी म्हणतो, पण तो प्रतिध्वनी नव्हे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. आपली हाक वेगळी अशी परत ऐकू येण्यास समोरची भिंत साधारण १७ मीटर दूर हवी. घरात एवढे अंतर कोठून येणार? येथे आवाज भिंतींवर, फरशीवर व छतावर पुन्हा पुन्हा आपटून रेंगाळतो. यास निनाद म्हणावे. आपण सेकंदाला चारपाच अक्षरे उच्चारतो. मागचे अक्षर विरण्याआधीच पुढचे येते आणि दोन्ही एकमेकांत कालवली जातात.

हा निनाद मोजण्याची रीत घालून दिली हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस क्लेमेंट सेबाइन यांनी. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नसे. तेथे निनाद सुमारे साडेपाच सेकंद टिके. १८९५ पासून सेबाइन यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, ऑर्गनची नळी आणि घड्याळ एवढ्या साहित्यावर प्रयोग केले. गाद्या वाढल्या की निनाद घटे. त्यांनी शोषणाचे माप ठरवले ते उघड्या खिडकीचे, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

त्यांचे गणित सोपे आहे. खोलीच्या घनफळास ०.१६ ने गुणावे आणि शोषणाच्या चौरस मीटरांनी भागावे. उत्तर सेकंदांत येते. ५ मीटर लांब, ४ रुंद व ४ उंच अशी रिकामी खोली घ्या. घनफळ ८० घनमीटर, पृष्ठभाग ११२ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी शंभरातले चारच भाग शोषतात असे धरले, तर शोषण होते साडेचार चौरस मीटर आणि निनाद जवळजवळ तीन सेकंद. तेथे बारा चौरस मीटरांच्या शोषणाची भर घातली, तर तोच निनाद पाऊण सेकंदावर येतो.

ही भर घालायला महाग सामान लागत नाही. गादीची बैठक, चुण्या पाडलेले जाड पडदे, सतरंजीखाली जाड अस्तर, भिंतीवर टांगलेली गोधडी, यांतून ती होते. मात्र सर्व मऊ सामान जमिनीवरच ठेवून भागत नाही. समोरासमोरच्या उघड्या भिंतींपैकी एकीवर तरी, आणि थोडे उंचावरही, ते हवे. पडदा किंवा गोधडी भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवावी, म्हणजे ती अधिक काम करते. थर्माकोलचे तक्ते व अंड्यांचे पुठ्ठे यांच्या नादी लागू नये. थर्माकोलची छिद्रे बंद असतात आणि पुठ्ठा फार पातळ असतो.

आता रस्त्यावरील गोंगाट. येथे बहुतेकांची फसगत होते. गोधडी निनाद शोषते, पण हॉर्न अडवीत नाही. आवाज अडवतो तो वजनदार आणि फटी नसलेला अडसर. जी उघडी खिडकी निनादावर सर्वोत्तम उपाय, तीच गोंगाटाचा महादरवाजा! म्हणून रस्त्याकडील खिडकीची काच जाड असावी, चौकटीच्या फटींत रबराची पट्टी बसवावी, आणि हवेसाठी मागील बाजूची खिडकी उघडी ठेवावी. फट लहान दिसते, पण भिंतीच्या शंभराव्या भागाइतकी मोकळी जागा राहिली, तर उत्तम भिंतीचाही पुष्कळसा गुण वाया जातो. घरातला आवाज मात्र उगमाशीच थांबवावा: खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या, मिक्सरखाली जाड रबर.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. बाहेरच्या गोंगाटासाठी त्या नियमाचा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पण घरातील निनादासाठी कोणाकडे अर्ज करण्याची गरज नाही. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. ती रेंगाळली, तर आजोबांच्या कानांना दोष देण्यापूर्वी भिंतीवर एक गोधडी टांगून पाहावी.