जीर्ण हृद्दौर्बल्य : घरची परिचर्या आणि आपली जबाबदारी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता प्रथम गणली आहे. जीर्ण हृद्दौर्बल्यात, म्हणजे ज्यास आज सर्वजण 'हार्ट फेल्युअर' म्हणतात त्या व्याधीत, या तिसऱ्या पादाचे महत्त्व विशेष जाणवते. रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाची उपस्थाता बहुधा त्याची पत्नी, सून वा मुलगी असते. तिला उपचारज्ञ करणे हे आपले काम आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. 'फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास हृदय असमर्थ ठरते. वृक्कांकडे रक्त कमी पोहोचले की ती शरीरात पाणी कमी आहे असे समजून मीठ व पाणी धरून ठेवतात. हे साठलेले पाणी फुप्फुसांत उतरले की श्वास लागतो, पायांत उतरले की शोथ येतो, यकृत व आतड्यांत साचले की पोट जड होऊन भूक मंदावते.

याच कारणाने हा रुग्ण आपल्याकडे हृद्रोगाची तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो येतो तीन किरकोळ तक्रारी घेऊन, आणि धोका तेथेच आहे.

पहिली तक्रार कोरड्या खोकल्याची. हा खोकला फुप्फुसांत साचलेल्या पाण्याचा असू शकतो, अथवा रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांचा परिणाम असू शकतो. आपला हात मात्र सहज ज्येष्ठमधाकडे जातो. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन अधिक मात्रेत वा दीर्घकाळ घेतल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. रुग्ण मूत्रल गोळ्या घेत असेल तर पोटॅशियम आधीच घटलेले असते. त्यात डिगॉक्सिन चालू असेल तर त्याची विषबाधा होऊ शकते. अशा वेळी मळमळ व अरुची दिसते, नाडी मंद वा अनियमित लागते आणि ते लक्षण अग्निमांद्य समजून सोडून दिले जाते.

दुसरी तक्रार पोट फुगण्याची. येथे लवणभास्कर वा हिंग्वष्टक चूर्ण दिले जाते. शोथात लवण वर्ज्य, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. पण चूर्णातील लवण आपण मोजत नाही. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. उलटपक्षी, बाजारातील 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यास ते, आणि वारंवार घेतलेले शहाळ्याचे पाणीही, अपायकारक ठरू शकते.

तिसरी तक्रार गुडघेदुखीची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामकांनी मीठ-पाणी साठते व वृक्कांवर ताण येतो. औषध-दुकानदार बंधूंनी अशी गोळी देण्यापूर्वी 'हृदयाची औषधे चालू आहेत का?' एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

आता उपस्थात्यास काय शिकवावे? एक वही व एक वजनकाटा. रोज सकाळी, मूत्रविसर्जनानंतर, उषःपान व चहा यांपूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करून लिहावे. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढ झाली तर ती चरबी नव्हे, साठलेले पाणी आहे. त्याच दिवशी हृद्रोगतज्ज्ञांस कळवावे. त्याच वहीत रात्री किती उशा लागल्या हे लिहावे. काल दोन, आज तीन, हे श्वास वाढल्याचे लक्षण होय. पायाच्या हाडावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात कंबरेच्या मागील भागी पाहावे. पापड, लोणचे, फरसाण, सुकी मासळी बंद करावी. पाणी किती द्यावे हे तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे. विश्रांतीतही दम लागणे, गुलाबी फेसाळ कफ, मूर्च्छा वा भ्रम दिसल्यास रुग्णास पाय खाली सोडून बसवावे आणि क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

अर्जुनाविषयी दोन शब्द. चक्रदत्ताने हृद्रोगात क्षीरसिद्ध अर्जुन सांगितला आहे आणि त्याविषयी आपल्याला सार्थ आदर आहे. तथापि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एम्समधील तौलनिक चाचणीत, प्रचलित औषधांसोबत अर्जुनसालीचा जलीय अर्क देऊनही हृदयाच्या आकुंचनशक्तीत वाढ आढळली नाही. आज वापरात असलेल्या प्रमुख औषधगटांनी मात्र अनेक रुग्णांचे आयुष्य वाढते, हे सिद्ध झाले आहे. म्हणून अर्जुन किंवा पुनर्नवा द्यावयाची असल्यास तज्ज्ञांस कळवून, वजन व रक्तदाब पाहत द्यावी. 'आता त्या गोळ्या सोडा' हे वाक्य आपल्या मुखातून कदापि निघू नये.

शास्त्राचा अभिमान द्रव्याच्या गुणांसोबत त्याचे दोष जाणण्यातही आहे. पुढील रुग्ण खोकल्याची तक्रार घेऊन येईल तेव्हा चूर्णाची पुडी बांधण्याआधी त्याचे पाय पाहावेत आणि वही मागावी, एवढीच वैद्यबंधूंना आमची विनंती.