ज्या उपवासास पारणे नाही

आमच्या अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. महाभारताच्या वनपर्वातील कथा वाचकांस ठाऊक असेलच. इल्वल दैत्य आपला भाऊ वातापि यास मेंढ्याचे रूप देऊन त्याचे मांस अतिथीस वाढी, आणि मागून हाक मारून अतिथीचे पोट फाडवी. अगस्तींनी मात्र वातापीस पचवून टाकले. जेवणानंतर पोटावरून हात फिरवून त्यांचे नाव घेण्याची चाल यावरूनच पडली. परंतु अन्नाविषयीची प्रत्येक तक्रार पोटाचीच असते, असा जो समज घरोघर रुजला आहे, तो बरोबर नव्हे.

आमच्या वैद्यकास हे पूर्वीपासून माहीत होते. शोक, भय व क्रोध यांनीही अन्नावरची वासना उडते, असे माधवनिदानात अरोचकाच्या प्रकरणी सांगितले आहे. पण आज ज्याविषयी लिहावयाचे, तो विकार याहून निराळा आहे. लंडनचे सर विल्यम गल यांनी 1873 च्या सुमारास त्यास ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. यात भूक मेलेलीच असते असे नाही. रोगी ती दडपून ठेवतो, आणि अंगावर हाडे दिसू लागली तरी वजन वाढेल या धास्तीत असतो. दुसरा विकार ‘बुलिमिया’. याचे वर्णन डॉ. जेरल्ड रसेल यांनी 1979 साली केले. यात थोड्या वेळात अतोनात खाणे होते आणि मग ते ओकारीने वा रेचकाने बाहेर टाकले जाते. तिसऱ्यात असेच अनावर खाणे होते, परंतु ते बाहेर टाकले जात नाही. मागे उरते ती केवळ लाज.

हे पाश्चात्त्यांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु दिल्लीच्या डॉक्टरांनी 1995 साली पाच तरुण रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आहे. आपल्याकडील पुष्कळ रोगी ‘मला लठ्ठ व्हावयाचे नाही’ असे म्हणतच नाहीत. ‘पोट भरल्यासारखे वाटते’, ‘मळमळते’ एवढेच ते सांगतात, आणि घरातील मंडळी ओवा-हिंगावर भागवितात.

शिवाय आपल्या घरांत न खाण्यास मान आहे. संकष्टी, सोमवार, एकादशी, चातुर्मास! मुलीने एखादा वार जास्त धरला तर आजी कौतुकच करते. म्हणून व्रत कोणते व विकार कोणता, हे ओळखण्याची एक खूण सांगतो. एकादशीस द्वादशीचे पारणे असते, आणि व्रत करणारा ते आनंदाने सोडतो. जिला पारण्याचीच भीती वाटते, जी एकामागून एक निमित्त काढून पान टाळते, तिच्याकडे लक्ष द्यावे.

इतर लक्षणेही ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पंक्तीस न बसणे, वरचेवर वजन करणे, ढगळ कपडे घालणे, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, केस गळणे, भोवळ येणे, मासिक पाळी बंद पडणे. जेवण होताच न्हाणीघर गाठणे, गाल सुजणे, दात झिजणे, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडणे, ही ओकारीची चिन्हे होत. बुलिमियाचा रोगी अंगाने बेताचाच दिसतो, म्हणून तो निरोगी समजू नये. ओकाऱ्यांनी रक्तातील पोटॅशियम उतरते व हृदयाची गती बिघडते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. पिळदार देहाच्या नादात त्यांची उपासमार झाकून जाते.

एखादी मुलगी साऱ्या घरास आग्रहाने रांधून वाढते व स्वतः दोन घासांवर उठते, हे पाहून पुष्कळांस नवल वाटते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 निरोगी तरुणांस सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले, तेव्हा तेही चिडखोर व खिन्न झाले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, रात्रंदिन अन्नाचाच विचार करू लागले. यावरून उपासमार स्वतःच बुद्धीस ग्रासते, हे स्पष्ट होते. अशा मुलीस हट्टी म्हणणे म्हणजे तापकऱ्यास रागीट म्हणणे होय.

मग करावे काय? तिच्या शरीराविषयी पंक्तीत थट्टा वा स्तुती, दोन्ही बंद करावीत. आईने किंवा जिच्यावर तिचा जीव असेल त्या काकूने एकांतात, जेवणाची वेळ टाळून, तिच्याशी बोलावे. फार वाळलेल्या रोग्यास एकदम पोटभर चारणे जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करवून घ्यावी आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अकोल्याहून तो सहज मिळाला नाही, तर 14416 या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर मराठीत व विनामूल्य बोलता येते, केंद्र सरकारने ही सोय 2022 च्या ऑक्टोबरात सुरू केली आहे.

लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातून पुढे आलेल्या उपचारपद्धतीत मुलांस जेवू घालण्याचे काम आईबापांवरच सोपवितात. दोष मात्र कोणासच देत नाहीत. एकत्र कुटुंबात तर रोग्याजवळ बसावयास माणसांची वाण नसते. रोज एकाने तरी शेवटच्या घासापर्यंत तिच्यासोबत पानावर बसावे, न रागावता, न घाईने. बरे होण्यास महिने, क्वचित वर्षेही लागतात. पण वेळीच ओळखले तर पुष्कळजण पुरते बरे होतात, हे घरच्यांनी विसरू नये.