बातमी कोण सांगतो?

भातकुलीला आमच्या घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. वडील शाळेत गेले नाहीत. घरातून कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. एकदा दिल्लीची बातमी वाचताना कंसातले 'पीटीआय' हे शब्दही मी वाचून गेलो. वडिलांनी विचारले, "हे पीटीआय कोन हाय रे?" मला सांगता येईना. उत्तर शोधू लागलो, तेव्हा स्वामिनाथन सदानंद हे नाव भेटले.

गावोगावी बातमीदार ठेवणे कोणत्याही वर्तमानपत्राला परवडत नाही. म्हणून वृत्तसंस्था बातम्या गोळा करते आणि वर्गणी भरणाऱ्या अनेक पत्रांना एकाच वेळी पुरविते. सांगणारा एक, छापणारे शंभर! तिची शक्ती यात आहे, आणि धोकाही यातच आहे.

ज्यूलियस रॉयटरने १८५१ साली लंडनमध्ये आपली कचेरी उघडली. १८६६ मध्ये त्याच्या संस्थेची शाखा मुंबईत आली. पुढे येथील 'असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया'ही रॉयटरच्याच ताब्यात गेली. त्यामुळे जगाची बातमी आपल्याला आणि आपली बातमी जगाला मुख्यतः एका ब्रिटिश कंपनीच्या हातून मिळू लागली. तिच्यात सरकारी बाजूला झुकते माप मिळते, अशी राष्ट्रीय चळवळीची तक्रार होती.

तक्रार अनेकांनी केली. सदानंदांनी संस्था काढली. १९०० साली जन्मलेल्या या तमिळ माणसाने मुंबई ही कर्मभूमी मानली आणि १९२० नंतरच्या दशकात 'फ्री प्रेस ऑफ इंडिया' ही भारतीयांच्या मालकीची वृत्तसंस्था उभी केली. पुढे परदेशच्या बातम्या देण्याचेही धाडस तिने केले. पण तारांचा खर्च मोठा, त्यात सरकारचा रोष. अनेक संपादक तिच्या बातम्या छापण्यास कचरत. तेव्हा सदानंदांनी 'फ्री प्रेस जर्नल' हे स्वतःचे पत्र काढले. सरकारने जामीन मागितले व ते जप्तही केले. शिवाय, बातम्या पुरविणाराच पत्र चालवू लागला म्हटल्यावर इतर पत्रांना तो प्रतिस्पर्धी वाटू लागला. अखेर १९३५ मध्ये वृत्तसंस्था बंद पडली.

मग सदानंद हरले काय? मला तसे वाटत नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये भारतीय वर्तमानपत्रांनी मिळून 'प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया' ही कंपनी स्थापन केली. तिच्या संस्थापकांत सदानंद होते. १९४९ मध्ये तिने असोसिएटेड प्रेसचे काम हाती घेतले. तीच ही पीटीआय. सदानंद १९५३ साली वारले.

हे सर्व मी वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "बरं झालं. पन आपल्या गावची बातमी कोन देते?"

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीला पाणी असते, पण ते खारे. ना धड पिण्याचे, ना ओलिताचे. दुष्काळ पडला की आमच्याविषयी छापून येते. एरवी वर्षभर आम्ही त्याच पाण्याकाठी राहतो, त्याची ओळही नसते. सदानंदांनी देशासाठी जो प्रश्न विचारला, तोच वडिलांनी गावासाठी विचारला. त्याचे उत्तर ग्रंथालयात मिळणार नाही. ते आपल्यापैकी कोणीतरी लिहून द्यावयाचे आहे.