नर्सिंगमध्ये पीएच.डी. : आपल्या मुलींनी वॉर्डातच का थांबावे?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली खूप भेटतात. पण नर्सिंगमध्ये पीएच.डी. करता येते, हे त्यातल्या अनेकींना कोणी सांगितलेलेच नसते. "नर्सला कसले आले संशोधन?" हा प्रश्न तर घरातूनच येतो.

उत्तर विदर्भात आहे. तिथे अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. औषध डॉक्टर लिहून देतात. पण वेदनेने तळमळणारा रुग्ण दाखल झाल्यावर त्याला वेदनाशामक मिळायला किती वेळ लागतो? पाणी, ताप, थंडी याबाबत आईला नीट समजावले, तर मुलाला वारंवार दाखल करावे लागणे कमी होते का? हे प्रश्न रात्रपाळीच्या परिचारिकेला पडतात. ते मोजून, पुराव्यानिशी मांडणे म्हणजेच नर्सिंग संशोधन. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांच्याच मुली विचारणार नसतील, तर हे प्रश्न विचारणार कोण?

मार्ग लांब आहे, पण स्पष्ट आहे. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग दोन वर्षांची एम.एस्सी. नर्सिंग. त्यानंतर पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा. राज्यात नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ती घेते. पुढे मार्गदर्शक, संशोधन आराखडा, कोर्सवर्क, नैतिकता समितीची मंजुरी, माहिती संकलन, प्रबंध आणि तोंडी परीक्षा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींना ५ टक्के सवलत आहे. मुदत ३ ते ६ वर्षे. महिलांना आणखी २ वर्षे आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. नोकरीत असाल, तर कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्या.

खरी अडचण पैशांची. नर्सिंग हा यूजीसी-नेटचा विषय नाही, म्हणून नेटवर आधारलेली फेलोशिप इथे कामी येत नाही. अशा वेळी पुण्याच्या बार्टीच्या फेलोशिपवर लक्ष ठेवावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचे हक्क मिळाले. जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता वेळेत काढून ठेवा.

कार्यकर्त्यांना आमची एक विनंती. विहारातल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राची दोन पुस्तके ठेवा. वस्तीतल्या नर्स ताईला बोलवा आणि विचारा, "ताई, वॉर्डात तुम्हाला कोणता प्रश्न छळतो?" तिचे संशोधन तिथूनच सुरू होईल.