भाऊसाहेबांचे दप्तर

मंगळवेढा तालुक्यातील एका लहान गावी २०२५ च्या श्रावणात एक निवृत्त तलाठी वारले. वय ७७. महसूल खात्यात ३६ वर्षे चाकरी, त्यानंतर १९ वर्षे निवृत्ती. ‘नाव छापू नका, त्यांना ते आवडलं नसतं,’ असे घरच्यांचे म्हणणे पडले, म्हणून देत नाही. तसेही गावात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. तलाठी म्हटला की भाऊसाहेब, आणि हे निवृत्तीनंतरही भाऊसाहेबच राहिले. २०२४ मध्ये शासनाने तलाठी पदाला ग्राम महसूल अधिकारी असे नवे नाव दिले. ते ऐकून म्हणाले, “नाव बदललं, आता कागद येळेवर निघू द्या म्हंजे झालं.”

कृषी खात्याच्या माणसाने तलाठ्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. आमच्या कुठल्याही योजनेचा अर्ज सात-बारा उताऱ्यापाशी येऊन थांबतो. ठिबक असो, कांदाचाळ असो, सोसायटीचे पीककर्ज असो, नाव उताऱ्यावर नसेल तर राबणारा माणूस कागदोपत्री शेतकरीच नाही. मी या भागात आलो तेव्हा भाऊसाहेबांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. तरी माझे निम्मे अर्ज त्यांच्या ओसरीवरून सरळ होऊन येत.

तलाठ्याच्या कामाविषयी पारावर काय बोलले जाते ते सर्वांना ठाऊक आहे, इथे लिहायची गरज नाही. या माणसाविषयी मात्र मी तसे कधी ऐकले नाही. नोकरीला दोन वर्षे होतात न होतात तोच १९७२ चा दुष्काळ आला. पीक पाहणी चावडीत बसून भरायची रीत तेव्हाही होती. हे कोतवालाला घेऊन बांधाबांधाने हिंडत. “पेरा किती आणि उगवलं किती, हे चावडीतनं दिसत न्हाई,” असे सांगत. पैसेवारी ५० पैशांच्या आत की वर, यावर साऱ्या गावाची सवलत ठरते, तेव्हा पाहणीचा एक आकडा म्हणजे कुणाच्या तरी घरची भाकरी, हे त्यांनी तेव्हा पाहिले. त्या साली रेशनवर लाल मिलो मिळे. तलाठ्याच्या घरीही तोच शिजत होता.

पण खरे सांगायचे ते त्यांच्या घराविषयी. गावोगावचे उतारे नीट ठेवणाऱ्या माणसाचा स्वतःचा उतारा कसा असतो, ते पाहण्यासारखे आहे.

धाकटा भाऊ १९८७ साली वारला. मागे बायको आणि दोन लहान मुले. वडील आधीच गेलेले, जमीन एकत्र. भाऊबंदांनी सल्ला दिला, पोरं कळती होईपर्यंत नोंदीची घाई कशाला, सगळं तुमच्याच नावावर राहू द्या. भाऊसाहेबांनी महिन्याच्या आत भावजय आणि दोन्ही पुतण्यांची नावे लावून घेतली. ते स्वतः दुसऱ्या सज्जावर होते, म्हणून आपल्या गावच्या तलाठ्याकडे रीतसर अर्ज दिला आणि रांगेत उभे राहिले. पुतण्यांची शिक्षणे स्वतःच्या मुलांबरोबरच केली. दोघांच्या वह्या एकाच दुकानातून, एकाच मापाने येत, असे त्यांची थोरली मुलगी सांगते.

१९९२ मध्ये शासनाने लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. पतीने अर्ज केला की पत्नीचे नाव सहधारक म्हणून उताऱ्याला लागते. त्याआधी शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच नावाची चळवळ गावोगाव नेली होती. भाऊसाहेबांनी पुढच्याच वर्षी काकूंचे नाव लावले. मित्रांनी चेष्टा केली. त्यांचे उत्तर होते, “खुरपं तिच्या हातात, आणि कागद माझ्या एकट्याच्या हातात कसा?”

बहिणींच्या बाबतीत आपल्याकडची रीत सांगायला नको. राखीपौर्णिमेला साडी घ्यायची आणि आठ दिवसांनी हक्कसोड पत्रावर सही मागायची. त्यांनी दोघी बहिणींकडे सही कधी मागितली नाही. एकीने आपणहून रजिस्टर हक्कसोड करून दिले, दुसरीने हिस्सा ठेवला. दिवाळीला दोघी सारख्याच येत होत्या.

२००९ मध्ये काकूंना अर्धांगवायू झाला. नऊ वर्षे त्या अंथरुणाला होत्या. भाऊसाहेब पहाटे उठून त्यांना अंघोळ घालीत, वेणी घालीत, भाकरी चुरून भरवीत. सून होती, करायला तयारही होती. तरी वेणी मात्र ते स्वतः घालीत. आम्ही कामाला गेलो तर ‘थांबा साहेब, एवढं आवरतो’ म्हणून आत जात. मोठमोठे लोक ओसरीवर ताटकळलेले मी पाहिले आहेत. २०१८ मध्ये काकू गेल्या.

त्यानंतर ते लोकांच्या कागदांत अधिकच गुंतले. गावातील एका तरुण शेतकऱ्याचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. बायको तिशीच्या आतली, तीन एकर मालदांडीचे रान. उतारा काढला तर तो बारा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याच्याच नावावर. म्हणजे आधी सासऱ्याचे वारस, त्यानंतर नवऱ्याचे वारस, असे दोन फेरफार. शिवाय दीर सही करीना. भाऊसाहेबांनी मृत्यूचे दाखले, अर्ज, शपथपत्र सगळे जुळवले आणि मला बरोबर घेऊन दिराच्या वस्तीवर गेले. कायदा सांगतील असे मला वाटले होते. त्यांनी चहा घेतला, बैलांची चौकशी केली आणि एवढेच विचारले, “तुझी पोरगी नांदायला गेली आणि तिच्यावर अशी पाळी आली तर तिच्या दिरानं काय करावं?” तो बराच वेळ काही बोलला नाही. चार महिन्यांनी दोन्ही नोंदी मंजूर झाल्या. पुढच्या वर्षी त्या बाईंच्या नावावर ठिबकचा अर्ज मी स्वतः भरला.

वारस नोंदीबाबत ते जे सांगत ते वाचकांच्या उपयोगाचे आहे. खातेदार वारल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. मुदत गेली म्हणून हक्क बुडत नाही. पण मधल्या काळात कर्ज अडते, अनुदान अडते, आणि दुसऱ्या पिढीत वारसांची नावे चाराची चौदा होतात. अर्ज आला की गाव नमुना ६क मध्ये वारस चढतात, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मुलींची नावे वगळू नयेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भाऊसाहेबांचे शब्द असे, “माणूस गेलं की रडायला जलम पडलाय. कागदाला तीनच महिनं हायेत.”

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करायची. आमच्या खात्यातल्या काहींना ते शिकायला वेळ लागला. हे ७३ वर्षांचे गृहस्थ नातवाचा मोबाईल घेऊन रानात उभे! पहिला फोटो आपल्या पायांचा आला, दुसरा बरोबर आला. मग सकाळभर शेजाऱ्यांना शिकवीत बसले. इतकी वर्षे बांधाबांधाने हिंडून जे टिपले ते आता शेतकऱ्याच्याच बोटावर आले, याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. एरवी नव्या यंत्रांविषयी ते फारसे गोड बोलत नसत.

त्यांच्या कपाटात लाल रुमालात बांधलेले एक दप्तर सापडले. त्यात सरकारी कागद एकही नव्हता. घरचे सगळे उतारे, दाखले, काकूंच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि मुला-पुतण्यांच्या शाळेच्या पावत्या, सालवार लावलेल्या होत्या.

तेरावा झाला आणि त्याच आठवड्यात मुलाने वारस नोंदीचा अर्ज दिला. कार्तिकात फेरफार मंजूर झाला. उतारा मी पाहिला. भाऊसाहेबांच्या हिश्श्याला तीन नावे लागली आहेत. दोन मुली आणि एक मुलगा.