शेपूच्या देशात चार महिने

मंडळी, आपल्या मेसमध्ये शेपूची भाजी असते त्या दिवशी कॅन्टीनचा धंदा दुप्पट होतो, हे सांगायला कुठल्या सर्व्हेची गरज नाही. तो दुप्पट करणाऱ्यांत मीही असायचो. 2024 च्या सप्टेंबरात एका सेमिस्टरसाठी सायबेरियातल्या तोम्स्क शहरात गेलो आणि पहिल्याच जेवणात सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू! एवढी वर्षं टाळलेल्या सगळ्या भाज्यांनी मिळून सूड उगवला असं वाटलं. रशियन भाषेत शेपूला 'उक्रोप' म्हणतात. तिकडे जाणाऱ्याने हा शब्द विमानातच पाठ करावा.

आपल्यातले आणखी काहीजण तिकडे जाण्याच्या तयारीत आहेत, म्हणून हा लेख. पण आधी माझी फजिती सांगतो.

घरचा मी शाकाहारी. भारतातून नेलेली डेबिट कार्डं तिथे शोभेची, कारण परदेशात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड 2022 च्या मार्चपासून रशियात चालत नाहीत. जवळची रोकड मोजून वापरायची, पदार्थांची नावं कळायची नाहीत, विचारायला लाज वाटायची. मग काय, पाव, चहा, केळी आणि नेलेले नूडल्स! तीन आठवड्यांत पाच किलो उतरलो. हॉस्टेलच्या दारावर एक वयस्क बाई ड्यूटीला असायच्या, आम्ही आपापसात त्यांना आजी म्हणायचो. माझा उतरलेला चेहरा बघून एके संध्याकाळी त्यांनी झाकलेली बशी हातात ठेवली. आत तपकिरी दाणे, वर लोणी. भाजका उग्र वास आला. मला वाटलं, यात काहीतरी मांसाचं असणार. थँक्यू म्हणून वर गेलो आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मागे वळलो तर आजी दारात. चमचा द्यायचा राहिला म्हणून जिना चढून आल्या होत्या.

त्या काही बोलल्या नाहीत. चमचा टेबलावर ठेवून गेल्या.

तो पदार्थ म्हणजे 'ग्रेच्का', हे मला रूममेटने नंतर सांगितलं. उत्तर भारतात नवरात्राच्या उपवासाला ज्याच्या पिठाच्या पुऱ्या करतात तो कुट्टू. म्हणजे मी चक्क उपवासाचं धान्य फेकून दिलं होतं! ते भाजलेलं असतं म्हणून तो वास. एक वाटी ग्रेच्काला दोन वाट्या पाणी, मीठ, मंद आच, झालं. हॉस्टेलवाल्यांसाठी याहून सोपं अन्न मी पाहिलेलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. ठरवलं, की आता हे जेवण विषयासारखं शिकायचं. आणि शिकायला लागल्यावर लक्षात आलं, की त्यात मोठं लॉजिक आहे. दोन गोष्टी कळल्या की बाकीचं आपोआप कळतं. एक थंडी आणि दुसरी भट्टी.

आधी भट्टी. जुन्या रशियन घरात मधोमध विटांची अवाढव्य 'पेच' असायची. मेकॅनिकलवाल्यांनो, हे थर्मल मासचं उत्तम उदाहरण! सकाळी लाकडं जाळायची, विस्तव बाजूला सारायचा आणि विटांत साठलेल्या उष्णतेवर दिवसभर घरही ऊबदार ठेवायचं आणि स्वयंपाकही करायचा. तापमान हळूहळू उतरत जातं, त्यामुळे बिडाच्या भांड्यात ठेवलेलं धान्य ढवळावं लागत नाही, करपतही नाही. म्हणून तिथे फोडणी, परतणं कमी आणि मंद शिजवणं जास्त. दाण्यांची खीर किंवा मऊ भात म्हणजे 'काशा', कोबीचं सूप म्हणजे 'श्ची', आणि चुलीच्या निखाऱ्यावर तासन्‌तास राहिलेल्या आपल्या दुधासारखं बदामी रंगाचं दूध, हे सगळं त्या भट्टीचंच देणं. 'श्ची आणि काशा, हेच आमचं अन्न' अशा अर्थाची त्यांची म्हणच आहे. आता फ्लॅटमध्ये गॅस आणि इलेक्ट्रिक शेगड्या आल्या, पण चव तीच राहिली.

आता थंडी. डिसेंबरात उणे 30 पर्यंत पारा उतरतो तिथे हिवाळ्यात ताजी भाजी कुठून यायची? म्हणून शरद ऋतूत कोबी चिरून किलोला साधारण 20 ग्रॅम मीठ लावायचं आणि दाबून ठेवायचं. पानांवरचेच जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणजे आपल्या दह्यातलंच आम्ल, फक्त विरजण लागत नाही. कोबी महिनोन्‌महिने टिकतो आणि हिवाळ्यात क जीवनसत्त्वही मिळतं. रशियन जेवण आपल्याला आंबट लागतं त्याचं कारण हे. राईचा काळा पावही आंबवलेला. त्यातला 'बोरोदिन्स्की' जरूर खा, त्यात चक्क धने असतात! शिळ्या पावापासून 'क्वास' नावाचं पेय होतं. त्यात किंचित अल्कोहोल असतं, तेव्हा ज्यांना पाळायचं आहे त्यांनी पाळावं.

आता कॅन्टीनमध्ये जाऊ. तिला 'स्तालोवाया' म्हणतात. ट्रे घ्यायचा, रांगेतून सरकायचं, शेवटी पैसे. जेवणाचे नंबर ठरलेले. पहिलं म्हणजे सूप, दुसरं म्हणजे मुख्य पदार्थ, तिसरं म्हणजे पेय, बहुधा फळं उकळून केलेलं 'कम्पोत'. सूपच्या बाबतीत सावध राहा. वर तरंगतो तो कोबी, पण खालचं पाणी बहुतेक वेळा मांसाचं. लाल बिटाचं 'बोर्श्च' सगळीकडे मिळतं, पण ते मूळचं युक्रेनचं. 2022 मध्ये युनेस्कोने युक्रेनच्या बोर्श्चला तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतलं. 'पेल्मेनी' हे मांस भरलेले छोटे मोदकच म्हणा. सायबेरियात हिवाळ्यात ते करून बाहेर बर्फात ठेवायचे, फुकटचा डीप फ्रीजर! त्यांच्यासारखेच दिसणारे 'वारेनिकी' मात्र बटाट्याचे, पनीरसारख्या 'त्वारोग'चे किंवा चेरीचे मिळतात. त्वारोगचे गोडसर भाजलेले वडे म्हणजे 'सिर्निकी', नाश्त्याला एक नंबर, पण त्यात अंडं असतं. आणि प्रत्येक गोष्टीवर 'स्मेताना', म्हणजे आंबट घट्ट साय. तिखटाची तल्लफ आली तर मोहरीची 'गोर्चित्सा' घ्या. मिरचीसारखी जिभेला नाही, थेट नाकाला झोंबते.

शाकाहाऱ्यांना 'ब्येझ म्यासा', म्हणजे मांसाशिवाय, एवढे शब्द पुरत नाहीत. मला असं म्हणून मिळालेल्या सॅलडमध्ये सॉसेजचे तुकडे निघाले होते. खरा उपयोगी शब्द मला आजींनीच दिला. झाल्या प्रकाराची माफी मागायला मी रूममेटला दुभाषा म्हणून घेऊन गेलो. मी काय खात नाही याची यादी ऐकून त्या म्हणाल्या, "मग सरळ पोस्नोये माग ना!" पोस्त म्हणजे त्यांच्या धर्मातला उपवास. काटेकोर पाळणाऱ्याला वर्षात दोनशेच्या आसपास दिवस उपवास घडतो, आणि त्यात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात तर कॅन्टीनमध्येही पोस्नोये पदार्थ वेगळे मांडतात. एवढंच, की काही दिवशी मासे चालतात, ते विचारून घ्यायचं. हजारो मैलांवर जाऊन माझा प्रश्न सुटला तो उपवासाच्या पदार्थांनी!

दुसऱ्या दिवशी आजींनी पुन्हा ग्रेच्का आणला. लोणी वेगळं, कारण मी काय काय खातो याचा त्यांना अजून भरवसा नव्हता. या वेळी मी तिथेच, त्यांच्या टेबलाशी बसून खाल्ला. वर त्यांनी भरपूर शेपू घातला. तोही खाल्ला.

जाता जाता एक गोष्ट. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहरातला अफनासी निकितिन नावाचा व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकला. इथले लोक मांस खात नाहीत, उजव्या हाताने जेवतात, चमचा वापरत नाहीत, हे सगळं त्याने टिपून ठेवलं. आणि आपले उपवास नि सण कधी येतात याचा हिशेब परदेशात चुकला, याचं त्याला फार वाईट वाटायचं. आज रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ते वाचताना मला तो पहिल्या सेमिस्टरचा विद्यार्थीच वाटला.

आपल्या हॉस्टेलवरही दरवर्षी बाहेरच्या देशांतून मुलं येतात आणि कोरा भात नि केळी खाऊन दिवस काढतात. मेसच्या मावशींना आणि काकांना माझी विनंती आहे, त्यांनी ताटात टाकलं तर रागावू नका. अन्न माजल्यामुळेच टाकलं जातं असं नाही, कधी कधी ते भीतीने टाकलं जातं. आत काय आहे एवढं सांगा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढा.

शेपूच्या दिवशी मी हल्ली मेसमध्येच असतो.