मेथीचा भाव आणि माझा आयएनआर

नाशिकला थंडी पडली की मेथीचा भाव असा कोसळतो की कधीकधी शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतात. माझं पोळी-भाजी केंद्र आहे. त्या दिवसांत आमच्या कढईत मेथी, गिऱ्हाइकाच्या डब्यात मेथी आणि उरलेली घरच्या ताटात. माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, तेव्हा खाली यायचा. श्रावणात उलटं. सासूबाई महिनाभर पालेभाजी घरात येऊ द्यायच्या नाहीत, वर सोमवार-शनिवारचे उपवास. मग आकडा चढायचा. गोळी सुरू झाली त्या पहिल्या वर्षी तो ४.८ वर गेला आणि दात घासताना बेसिन लाल व्हायला लागलं.

माझ्या हृदयात डाव्या बाजूची मिट्रल झडप धातूची आहे. लहानपणी घसा सुजून ताप यायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे. त्या ऱ्हुमॅटिक तापाने मूळची झडप आखडली, आणि दोन मुलं झाल्यावर ती बदलावी लागली. रात्री घर निजलं की नवीची टिकटिक मला ऐकू येते. रक्ताला हा धातू परका. त्यावर गुठळी धरली तर झडप अडकते, नाहीतर गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जातो आणि अर्धांगवायूचा झटका येतो. म्हणून रोज रात्री आठला रक्ताचं गोठणं मंदावणारी एसिट्रॉमची गोळी, जन्मभर.

शेजारच्या वहिनी मला बीट खायला सांगतात, रक्त पातळ झालंय म्हणून. त्यांना वाटतं औषधाने रक्तात पाणी होतं. तसं काही होत नाही, हिमोग्लोबिन आहे तेवढंच राहतं. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात आणि त्यांना के जीवनसत्त्व लागतं. वापरलेलं के शरीर पुन्हा कामाजोगं करून घेतं. तिथेच ही गोळी आडवी येते. पालक, मेथी, कोथिंबिरीत के भरपूर असतं, त्यामुळे ताटातली भाजी आणि गोळी यांची रोज ओढाताण चालते. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो; माझा २.५ ते ३.५ मध्ये हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची.

या गोळीचं कूळ गोठ्यातलं आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्त वाहून मरायला लागली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा कॅन घेऊन बर्फाच्या वादळात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांच्या माणसांनी चाऱ्यातलं ते द्रव्य शोधून काढायला काही वर्षं घेतली. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचं औषध म्हणून विकलं गेलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. एसिट्रॉम त्याचं भावंड. हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.

भाजी सोडायची नसते, हे मला हृदयाच्या डॉक्टरबाईंनी समजावलं. रोजचा अंदाज सारखा ठेवायचा. गोळीचा डोस त्या अंदाजावर बसवता येतो. आता मी बाराही महिने आठवड्यातून ठरल्या वारी एक वाटी पालेभाजी खाते, श्रावणातसुद्धा, आणि सासूबाई त्या दिवशी माझ्या ताटाकडे बघत नाहीत. मेथी स्वस्त झाली म्हणून माझी वाटी मोठी होत नाही. बाकी दुधी, वांगं, भोपळा, डाळ हवं तेवढं. निरनिराळे काढे मात्र बंद. त्यात काय काय असतं ते देणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

डोस कालनिर्णयवर लिहिलेला असतो, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी: काही वारी दोन, काही वारी तीन. हे दोन-तीन म्हणजे मिलिग्रॅम, गोळ्या नव्हेत. एसिट्रॉम १, २, ३, ४ मिलिग्रॅमची मिळते, त्यामुळे दुकानातून पाकीट हातात आलं की मी आधी आकडा वाचते. गोळी आठला राहिली आणि रात्रीच आठवलं तर घेते; दुसऱ्या दिवशी आठवलं तर वहीत नोंद करते, दुप्पट घेत नाही. दिवसभर ओट्याशी उभं राहून गुडघे दुखतात, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मला चालत नाहीत, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलवर भागवते, तेही बेताने. नवं कुठलंही औषध, विशेषतः अँटिबायोटिक, लिहून दिलं की डॉक्टरांना आधी झडपेचं सांगते आणि काही दिवसांत आयएनआर पुन्हा बघते.

विळीवर बोट कापलं की स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरते, घड्याळाकडे बघत. वेळ लागतो, पण थांबतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली, डोक्याला मार बसला, तर मात्र थेट हॉस्पिटल. तोंड वाकडं होणं, हातातलं लाटणं निसटणं, बोबडं बोलणं, धाप लागणं, टिकटिक एकदम मंद होणं, यातल्या कशालाही सकाळपर्यंत थांबायचं नाही, हे घरात मुलालाही पाठ आहे.

समोरच्या काकांना हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून एपिक्साबॅन आहे. दिवसातून दोन गोळ्या, आयएनआरची कटकट नाही. "तू पण हीच घे की," ते म्हणतात. मला चालणार नाही. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान हे असंच नवं औषध वापरून पाहिलं, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि २०१३ मध्ये तिचा अहवाल छापून आला. आमच्यासारख्यांना जुनंच.

गेल्या महिन्यात दाढ काढायची होती. दातांच्या डॉक्टरांनी गोळी पाच दिवस बंद करा म्हणून सांगितलं. मी त्यांच्यासमोरच डॉक्टरबाईंना फोन लावून दिला. दोघांचं बोलणं झालं आणि ठरलं की गोळी चालूच ठेवायची, आदल्या दिवशी आयएनआर बघायचा. तो २.९ आला. दाढ निघाली, टाका पडला, औषध लावलेला कापसाचा बोळा मी दाबून धरला. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं होतं. आठची गोळी गार दुधाबरोबर घेतली.